मराठी मजकुराचं सॉफ्टवेअर : विकतचं की खुलं, आणि ऐकून कोण घेतं?

(एका चर्चामंचावरचा धागा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

खिळेजुळणी

पुस्तकांची अक्षरजुळणी आणि मांडणी हा माझा धंदा. पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या प्रोग्रॅमच्या काळापासून याच कामात आहे. विकतचं सॉफ्टवेअर की खुलं, ही चर्चा बहुतेक वेळा पैशांवर येऊन थांबते. मला पैशांचं विचारायचं नाही. मराठीतली चूक दाखवून दिली तर ती दुरुस्त कोण करतं, एवढंच विचारायचं आहे.

आमच्याकडे एक विकत घेतलेलं पॅकेज आहे. डोंगल, म्हणजे संगणकात खोचायची किल्ली, लावल्याशिवाय उघडत नाही. त्यात समासाला भिडवण्यासाठी ओळ ताणली गेली की 'ऱ्य' मोडतो. 'आचाऱ्यांना बोलावलं' याचं 'आचार्यांना बोलावलं' होतं आणि पंगतीच्या वर्णनात स्वयंपाक्यांच्या जागी शंकराचार्य येऊन बसतात. प्रुफं तपासणाऱ्याच्या नजरेतून हे निसटतं, कारण मूळ फाइलीत शब्द बरोबरच असतो. विक्रेत्याला कळवलं. फोन लगेच उचलला, माणूस अगत्याने बोलला, 'पुढच्या आवृत्तीत बघू' म्हणाला. पुढची आवृत्ती आली, वेगळे पैसे भरून घेतली, दोष जिथल्या तिथे.

मग एक खुलं सॉफ्टवेअर वापरून पाहिलं. त्यातही मराठीचा दुसरा एक दोष निघाला. त्यांच्या बगझिलावर (दोष नोंदवायच्या यादीवर) रीतसर नोंदवला. कित्येक महिने तिकडे कोणी फिरकलं नाही. मग एकाने लिहिलं, 'पॅच द्या, बघतो.' म्हणजे दुरुस्तीचा कोड मीच लिहून द्यायचा. मी अक्षरं जुळवतो, सी प्लस प्लस ही प्रोग्रॅमिंगची भाषा मला येत नाही.

नावं मुद्दाम घेत नाही. दोन्हीकडचा अनुभव असलेल्यांनी लिहावं ही विनंती.

रात्रपाळी

मी विकाऊ सॉफ्टवेअरच्या सपोर्टमध्ये काम करतो (तुमच्या क्षेत्रातलं नव्हे), म्हणून आतली बाजू सांगतो.

तुमची तक्रार आली की तिचं तिकीट होतं. तिकिटाला दोन गोष्टी चिकटतात: दोष किती गंभीर आणि गिऱ्हाईक किती मोठं. पहिल्या रकान्यात प्रोग्रॅम बंद पडणं किंवा डेटा जाणं वर असतं, 'अक्षर चुकीचं दिसतं' खाली. दुसऱ्या रकान्यात तुमचं एक लायसन्स. अशी तिकिटं 'पुढच्या आवृत्तीत' या शेऱ्यानिशी साठत जातात. फोनवरच्या माणसाला हे माहीत असतं, पण तसं सांगायची त्याला मुभा नसते. कोणाच्या मनात काळंबेरं नसतं, डेव्हलपरचे तास मोजके असतात आणि ते कुठे खर्चायचे हे विक्रीवाले ठरवतात.

तरीही विकतच्या बाजूने एक बोलायला हवं. आमच्याकडे चाचणी करणारी माणसं पगारावर असतात. जुनी विंडोज, नवी विंडोज, चार तऱ्हेचे प्रिंटर, जुन्या आवृत्तीतल्या फाइली, हे सगळं दर आवृत्तीला कोणीतरी बसून तपासतं. हे कंटाळवाणं काम आहे आणि हौसेने कोणी करत नाही. त्यामुळे रोजच्या वापरातला घट्टपणा विकतच्या मालात जास्त असतो असं माझं प्रामाणिक मत आहे.

निळावंती

रात्रपाळी, 'गिऱ्हाईक किती मोठं' यावर एक उदाहरण देते. गिऱ्हाईक लहान नसूनही काय होतं ते बघा.

माणसाच्या काही जनुकांची नावं 'सेप्ट२', 'मार्च१' अशी होती. एक्सेलमध्ये टाकली की त्यांची तारीख व्हायची, सप्टेंबर आणि मार्च. एकदा बदललं की मूळ नाव परत मिळत नाही. २००४ मध्ये यावर शोधनिबंध छापून आला. २०१६ मध्ये जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेले निबंध तपासले, तर साधारण पाचातल्या एका निबंधात ही गडबड निघाली. जगभरच्या प्रयोगशाळा, विद्यापीठं, औषध कंपन्या, सगळे पैसे भरणारे. शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीनेच नावं बदलली: 'सेप्टिन२', 'मार्चएफ१'. आपोआप होणारं रूपांतर बंद करण्याची सोय एक्सेलमध्ये आली २०२३ मध्ये.

म्हणजे एका प्रोग्रॅमचा स्वभाव बदलण्याआधी विज्ञानाने आपली परिभाषा बदलली. मायक्रोसॉफ्टला जमत नव्हतं असं कोण म्हणेल? त्यांच्या हिशोबात हिशेबनीस जास्त आणि आम्ही जनुकवाले कमी. आणि एक्सेलच्या कोडला बाहेरच्या कोणाला हात लावता येत नाही, म्हणून हजारो प्रोग्रॅमर असलेल्या या क्षेत्राला इतकी वर्षं नुसतं सांभाळून वापरत राहावं लागलं.

मोडीवाचक

खिळेजुळणींच्या दुखण्याचा आणखी एक पदर आहे. आमच्या संस्थेकडे जुन्या अंकांच्या फाइली आहेत, युनिकोडच्या, म्हणजे सगळ्यांसाठी एकच अक्षरक्रमांक ठरण्याच्या, आधीच्या. त्या काळी प्रत्येक कंपनीच्या फॉन्टची सांकेतिक मांडणी वेगळी असायची. एकीचा 'क' जिथे, तिथे दुसरीचा 'ऱ्हस्व इकार'. फॉन्ट गेला की मजकूर म्हणजे रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ मधली, पण मराठी छपाईत तो त्यानंतर कितीतरी वर्षं चालला, कारण फॉन्ट त्याच्यात अडकले होते आणि फॉन्टमध्ये मजकूर.

आज त्या फाइली वाचता येतात त्या हौशी लोकांनी लिहिलेल्या रूपांतरकांमुळे. एकेका फॉन्टचा तक्ता डोळ्यांनी बघून, अक्षराला अक्षर जुळवून लोकांनी हे प्रोग्रॅम तयार केले आणि फुकट वाटले. सॉफ्टवेअरचा दर्जा ठरवताना, बनवणारा उद्या बाजारातून उठला तर माझ्या मजकुराचं काय होईल, हेही धरा. नाहीतर नातवंडांना आपल्या दिवाळी अंकांच्या फाइली उघडता येणार नाहीत.

कळपाट

मी काही खुल्या प्रकल्पांत थोडंफार काम करतो. जरा सविस्तर लिहितो.

फायरफॉक्समध्ये, क्रोममध्ये, अँड्रॉइड फोनवर आणि लिबरऑफिस या खुल्या ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी जोडाक्षरं नीट दिसतात ती हार्फबझ या एकाच लायब्ररीमुळे. कोणत्या अक्षराशेजारी कोणतं आलं की त्यांची आकृती कशी बदलते, हे ती ठरवते. लिबरऑफिसमध्ये २०१७ च्या ५.३ आवृत्तीपासून ती सगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर आहे. तिचा मुख्य कर्ता बेहदाद एस्फाहबोद मूळचा इराणचा.

शुद्धलेखन तपासणारं हनस्पेल घ्या. ते हंगेरियन भाषेसाठी लिहिलं गेलं, कर्ते लास्लो नेमेथ. हंगेरियनमध्ये शब्दाला प्रत्ययांवर प्रत्यय लागतात, त्यामुळे इंग्रजीसारखी नुसती शब्दांची यादी तिथे पुरत नाही. आपल्याकडे तेच. 'घर' चं 'घरा', मग 'घरात', 'घरातला', 'घरातल्यांना', 'घरातल्यांनासुद्धा'. हनस्पेलमध्ये मूळ शब्द आणि प्रत्ययांचे नियम वेगळे ठेवता येतात, म्हणून ते मराठीला चालतं. आज फायरफॉक्स, क्रोम आणि लिबरऑफिस ते वापरतात, इतकंच काय, पानं लावायचं विकतचं इनडिझाइनसुद्धा.

आता तुमच्या धंद्यातलं. स्क्रायबस हे पानं लावायचं खुलं सॉफ्टवेअर. १.४ मालिकेपर्यंत त्यात अरबीही नीट लागत नव्हती आणि देवनागरीही. तक्रारी होत्या, मागण्या होत्या, मुख्य चमूत त्या लिप्या जाणणारं कोणी नव्हतं. मग ओमानमधल्या लोकांनी हे काम अंगावर घेतलं, कारण त्यांना अरबी पुस्तकं लावायची होती. वेगळी शाखा काढून मजकूर मांडण्याचं इंजिनच नव्याने बसवलं आणि ते २०१७ मध्ये १.५.३ आवृत्तीत मुख्य प्रकल्पात आलं. त्यातच देवनागरीही लागायला लागली. अरबीसाठी खपलेल्या माणसांनी आपलंही काम करून ठेवलं.

त्यामुळे तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं: खुल्या प्रकल्पात तक्रार ऐकून घेण्याची हमी नसते, हे मान्य. पण तिथे हंगेरीचा, इराणचा, ओमानचा माणूस आपलं काम आपण करून घेऊ शकतो. जनुकवाल्यांना ते करता आलं नाही. मराठी बोलणारे आठ कोटींच्या वर, त्यात सॉफ्टवेअरवर पोट असलेले लाखोंनी. हनस्पेलचा मराठी शब्दसंग्रह मात्र अजून तोकडा आहे, साध्या सामान्यरूपांखाली लाल रेघ येते. याचा दोष मी हंगेरियन माणसाला कसा देऊ?

कोयनाकाठ

कळपाट, माहिती उत्तम, निष्कर्षाशी साफ असहमत.

'तुमचं काम तुम्ही करून घ्या' हे ज्याला प्रोग्रॅमिंग येतं त्यानेच म्हणावं. खिळेजुळणींना नाही येत. त्यांना छपाई कळते, टंक कळतो, पान कसं वाचलं जातं ते कळतं. हे ज्ञान त्या प्रकल्पाला फुकट मिळत होतं आणि त्यांनी एका ओळीत ते परत पाठवलं. उद्या खिळेजुळणी दोष नोंदवायचं बंद करतील, आणि यादीत दोष कमी दिसतात म्हणून दर्जा सुधारला असं तिकडे वाटेल.

उदाहरण माझ्याकडेही आहे. लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर जीटीकेच्या (खिडक्या आणि बटणं दाखवणाऱ्या लायब्ररीच्या) फाइल निवडायच्या खिडकीत चित्रांच्या छोट्या प्रतिमा दिसाव्यात ही मागणी २००४ मध्ये नोंदवली गेली. ती सोय लिनक्सवरच्या ग्नोम या डेस्कटॉपच्या ४४ व्या आवृत्तीत आली, मार्च २०२३ मध्ये. शंभर फोटोंतून एक जोडायचा तर नुसत्या 'आयएमजी' आणि आकड्यांवरून ओळखायचा! इतकी वर्षं हजारो लोकांनी हे सोसलं, आणि हे काही दुर्मीळ लिपीचं प्रकरण नव्हतं. तुम्ही म्हणता ते स्क्रायबसचं इंजिन १.५.३ मध्ये आलं खरं, पण ती विकासातली आवृत्ती. स्थिर म्हणता येईल अशी १.६.० आवृत्ती आली जानेवारी २०२४ मध्ये. मधली वर्षं छापखान्याने कशाच्या भरवशावर काम करायचं? मुदतीत पुस्तक द्यायचं असतं हो.

लिहिणाऱ्याला ज्यात रस ते आधी होतं, हा खुल्या सॉफ्टवेअरचा खरा आजार. नवं इंजिन लिहायला माणसं मिळतात, छपाईच्या खिडकीतला चुकीचा समास दुरुस्त करायला मिळत नाहीत. रात्रपाळी म्हणतात ती पगारी चाचणी इथेच कमी पडते.

कळपाट

कोयनाकाठ, 'पॅच द्या' हे उत्तर वाईट होतं. मी त्याचं समर्थन करणार नाही.

पण पलीकडे कोण बसलेलं असतं तेही पाहा. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या इंटरनेटवरचा संवाद गुप्त ठेवणाऱ्या खुल्या लायब्ररीतला हार्टब्लीड दोष उघड झाला. बँका, मेल, दुकानं, सगळ्यांचं कुलूप तेच. त्या प्रकल्पाला वर्षाला मिळणाऱ्या देणग्या होत्या साधारण २,००० डॉलर, आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस एक. दोष त्याआधी दोन वर्षं सर्वांच्या डोळ्यांदेखत कोडमध्ये पडून होता. कोड उघडा आहे म्हणजे कोणीतरी वाचतच असेल, या भरवशावर जगातल्या मोठ्या कंपन्यांनीही तो वाचला नाही.

दुसरं उदाहरण २०२४ चं, त्याने मी फार अस्वस्थ झालो होतो. एक्सझेड ही फाइली आवळणारी छोटी उपयोगिता, जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असते. सांभाळणारा एकटा, लासे कॉलिन, तोही फावल्या वेळात. त्याच्या मेलिंग लिस्टवर काही जण वैतागून लिहू लागले: पॅच पडून आहेत, प्रकल्प मरतोय, तुम्हाला जमत नसेल तर दुसऱ्याकडे द्या. आपली मानसिक प्रकृती बरी नसते असं त्याने उत्तरात लिहिलंही होतं. शेवटी मदतीला सतत हजर असणाऱ्या एका 'जिया तान'कडे त्याने अधिकार दिले, आणि त्या खात्यावरूनच ५.६.० आणि ५.६.१ आवृत्त्यांत चोरदार (बॅकडोअर, लपून आत शिरायची वाट) बसवलं गेलं. तगादा लावणारी ती खातीही बनावट असावीत, असं आता बहुतेक जाणकार मानतात. ऐकून घेत नाहीत म्हणून आपण जो दबाव आणतो, तोच तिथे हत्यार म्हणून वापरला गेला.

पकडलं कसं? अँड्रेस फ्रॉइंड, पोस्टग्रेस या खुल्या डेटाबेसवर काम करणारा, मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला. एसएसएच लॉगिनला (दूरच्या संगणकात शिरायला) अर्धा सेकंद जास्त लागतोय हे त्याला खटकलं आणि तो मागे लागला. कोड उघडा होता म्हणून त्याला मुळापर्यंत जाता आलं. बंद प्रोग्रॅममध्ये त्यानेही एक तिकीट काढलं असतं, 'लॉगिन जरा मंद वाटतं'. रात्रपाळी, अशा तिकिटाला कुठला क्रमांक मिळतो ते तुम्हीच सांगा.

रात्रपाळी

सगळ्यात खालचा. खरं आहे.

पण आपण पैसे एका बाजूला आणि खुलेपणा दुसऱ्या बाजूला ठेवून बोलतोय, ते पटत नाही. लिबरऑफिसवर कोलॅबोरासारख्या कंपन्या पैसे घेऊनच काम करतात. गिऱ्हाईक सांगतं हा दोष काढा, ते काढतात, आणि दुरुस्ती सगळ्यांना मिळते. ब्लेंडर या त्रिमिती चित्रांच्या खुल्या सॉफ्टवेअरचा इतिहास तर सर्वांनी वाचावा असा आहे. ते मुळात कंपनीचंच होतं. कंपनी बुडाली तेव्हा २००२ मध्ये लोकांनी सात आठवड्यांत १ लाख युरो जमवून त्याचा कोड सोडवून घेतला. पुढे वर्षानुवर्षं एक रड होती: वस्तू निवडायला उजवं बटण दाबावं लागे, नवखा माणूस पहिल्याच मिनिटाला अडायचा. २०१९ च्या २.८० मध्ये डावं बटण मूळ पसंती झालं, सगळा चेहरामोहराच बदलला. ब्लेंडरकडे निधी आहे, पगारी माणसं आहेत आणि कलाकार डेव्हलपरांच्या शेजारी बसून त्याच सॉफ्टवेअरवर चित्रपट करतात. अडलं की तिथल्या तिथे कळतं. मराठी मांडणीच्या सॉफ्टवेअरच्या शेजारी कोणी मराठी पुस्तक लावत बसलेलं नाही, अडचण इथे आहे.

प्रकाशकांनी एकत्र येऊन एका डेव्हलपरचा थोडा वेळ विकत घेतला तर? प्रत्येक जण लायसन्ससाठी जे भरतो त्याचा छोटा हिस्साही पुरेल.

मोडीवाचक

रात्रपाळींच्या सूचनेला अनुमोदन. आमची संस्था वाटा उचलायला तयार आहे. बैठकीत विषय घेते.

फॉन्टच्या बाबतीत हे घडलेलंच आहे. लोहित फॉन्ट रेड हॅटने खुले केले आणि त्यांवरचं बरंचसं काम पुण्यात झालं. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बालू हे फॉन्टही खुल्या परवान्याचे आहेत. चांगले मराठी टंक फुकट मिळणार नाहीत असं एके काळी सगळे म्हणायचे.

खिळेजुळणी

सर्वांचे आभार. कळपाट, तुमचा प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचला. एक मदत हवी. मला कोड लिहिता येत नाही, पण दोष असा नोंदवायचा आहे की समोरच्याला देवनागरी येत नसली तरी त्याला तो दिसेल. कसा?

आणि एक शंका. 'दऱ्या' हा शब्द शोधला तर प्रोग्रॅम अर्धेच दाखवतो. लेखकाने फोनवर लिहिलेले सापडत नाहीत, आम्ही इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कीबोर्ड मांडणीने घातलेले सापडतात. हा दोष कोणाचा?

कळपाट

शोधाचं आधी. 'ऱ्य' दोन तऱ्हेने लिहिला जातो. इनस्क्रिप्टवर 'ऱ' ही स्वतंत्र कळ आहे: ऱ, हलन्त, य. काही फोनेटिक कीबोर्ड (उच्चाराप्रमाणे टाइप करायचे) मात्र साधा र, हलन्त, मग न दिसणारा जोडक, मग य असं टाकतात. कागदावर दोन्ही सारखेच, संगणकाला दोन वेगळे शब्द. युनिकोडही त्यांना समान मानत नाही. तुमच्या ओळ ताणण्याच्या दोषात बहुधा तो न दिसणारा जोडकच गळतो. खात्री करायची तर तोच शब्द दोन्ही तऱ्हेने टाकून बघा. मजकूर आला की आधी सगळे 'ऱ' वाल्या रूपात बदलून घ्या, शोधही नीट चालेल.

आता नोंद. तोच शब्द त्याच फॉन्टमध्ये फायरफॉक्समध्ये उघडा. तिथे नीट दिसला तर फॉन्ट निर्दोष आहे, तिथेही मोडला तर फॉन्ट करणाऱ्याला कळवा. मग एका नोंदीत एकच दोष. सोबत दोन ओळींची छोटी फाइल (अख्खं पुस्तक पाठवू नका), फॉन्टचं आणि त्याच्या आवृत्तीचं नाव, अक्षरांचे युनिकोड क्रमांक, आणि दोन चित्रं शेजारी शेजारी, कसं हवं आणि कसं येतंय. फरकाच्या जागी लाल गोल करा. लिपी न येणाऱ्यालाही गोलातली आकृती वेगळी आहे हे कळतं. अर्थ बदलतो हेही एका वाक्यात लिहा, 'आचाऱ्यां'चं उदाहरण उत्तम आहे. त्याने नोंदीचं वजन वाढतं, नाहीतर 'दिसण्याची किरकोळ बाब' असा शिक्का बसतो.

इनडिझाइन वापरणाऱ्यांसाठी: आधी परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (ओळी जुळवणारा भाग) निवडलाय का ते बघा. भारतीय भाषा त्यात २०१२ च्या सीएस६ पासून आहेत, पण इंग्रजी मूळ मांडणीत दुसराच कंपोझर लागलेला असतो आणि मात्रा विस्कटतात. तो दोष म्हणून नोंदवू नका.

निळावंती

शब्दांची एक सामायिक फाइल करूया का? मी सुरुवात करते: दऱ्या, वाऱ्यावर, तऱ्हा, कुऱ्हाड, गोऱ्हा, पुऱ्या, सुऱ्या आणि सूर्या, आचाऱ्यांना आणि आचार्यांना.

खिळेजुळणी

जरूर. माझ्याकडून: ऱ्हास, बिऱ्हाड, वऱ्हाडी, दुसऱ्याच्या, शेतकऱ्यांनी, कर्मचाऱ्यांसाठी. पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' हेही घ्या. २००९ च्या शासन निर्णयात तीच रूपं आहेत, तरी भाषा मराठी निवडूनही काही फॉन्ट हिंदी वळणाचीच देतात. शिवाय सूचीसाठी क्रम: ह नंतर ळ, मग क्ष, ज्ञ. बरेच प्रोग्रॅम 'ळ' ला 'ल' च्या शेजारी बसवतात आणि 'क्ष' ला 'क' मध्ये.

शनिवारपर्यंत या शब्दांचं एक पान लावून इथे देतो. ज्यांच्याकडे जी सॉफ्टवेअर आहेत त्यांनी त्यांत उघडून चित्र टाकावं, आवृत्तीसकट. कोयनाकाठ, तुमच्याकडे लिनक्स आहे, तिथलं तुम्ही बघाल का?

कोयनाकाठ

बघतो. फेडोरा आणि उबुंटू दोन्हींवर बघून टाकतो. स्क्रायबस १.६ ही बसवून घेतो.